मुलगी ठेवून घेऊ का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांच्या गावाच्या कडेला दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि गेले तीन हंगाम ताई तेथे संध्याकाळी दोन तास मुलांना शिकवतात. पंचवीसएक मुले येतात. यंदा बीड जिल्ह्यातून आलेली ११ वर्षांची एक मुलगी त्यांच्या मनात भरली आहे. ती गावाकडच्या शाळेत पाचवीत आहे, वाचते चांगले, गणितात तर फारच तल्लख आहे. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की कुटुंब परत जाईल आणि मुलीचे शिक्षण संपेल, अशी ताईंना भीती वाटते. म्हणून तिला स्वतःच्या घरी ठेवून घ्यावे, गावातील चांगल्या शाळेत घालावे, असे त्यांच्या मनात आहे. मुलीची आई ‘न्या की’ म्हणाली, वडील काही बोलले नाहीत. कुटुंबावर मुकादमाची ९०,००० रुपयांची उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम) अजून फिटायची आहे; गरज पडली तर तीही फेडावी, असा विचार आहे. ताईंचे यजमान याला ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणतात. ताईंचे वडील साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून शिकले होते, त्यामुळे आपण करतो आहोत ते योग्यच आहे असे त्यांना वाटते. तरीही त्या विचारतात: ‘पुढच्या वर्षी मुले येतात ती सगळे विसरून. माझ्या वर्गाचा उपयोग काय? निदान एका मुलीचे तरी आयुष्य मार्गी लावू नये का?’

उत्तर:

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ती मुलगी दिसली, दुसऱ्या वाचनात तिच्या कडेवरचा भाऊ दिसला. पत्रात त्याच्याविषयी एकच वाक्य आहे आणि तेही कंसात: ‘(तीन वर्षांचा भाऊ सतत अंगावर असल्याने तिला नीट लिहिता येत नाही.)’ माझे बरेचसे उत्तर या कंसातल्या वाक्याविषयी आहे, पण तुम्ही जे थेट विचारले आहे त्याला आधी थेटच उत्तर देते. मुलीला मार्चमध्ये ठेवून घेऊ नका. तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र ज्या रीतीने हे घडू घातले आहे त्या रीतीत तिघांचे म्हणणे अजून ऐकलेच गेलेले नाही, आणि त्या तिघांपैकी एक खुद्द ती मुलगी आहे. आई काय म्हणाली आणि वडील काय म्हणाले नाहीत हे तुम्ही लिहिले आहे. मुलगी काय म्हणाली हे पत्रात कुठेच नाही.

आईच्या ‘न्या की’ या शब्दांवर तुम्ही बरीच भिस्त ठेवली आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात की तुमच्या शेतातला ऊसही याच टोळीने तोडला. याचा अर्थ तुम्ही त्या बाईच्या लेखी नुसत्या शिकवणाऱ्या बाई नाही. ज्यांच्या विहिरीवरून पाणी भरायचे, ज्यांच्या बांधावरून जायचे, त्यांच्यापैकी तुम्ही एक आहात. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणारी, फडात मोळ्या बांधणारी आणि रात्री-अपरात्री गाडी लागली की डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरणारी बाई तुम्हाला तोंडावर नाही कशी म्हणेल? कदाचित तिने मनापासून होकार दिला असेल. कदाचित विषय टळावा म्हणून दिला असेल. वडिलांच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही संमती असा लावला आहे. मला तो नकार वाटतो, पण तेथे नसताना मीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणूनच हा प्रश्न वर्गाच्या वेळेत, इतरांच्या देखत विचारण्याचा नाही. टोळीला ज्या दिवशी खाडा असेल त्या दिवशी त्यांच्या कोपीत बसून, मुलीसमोर आणि शक्य असेल तर गावाकडच्या आजीला फोन लावून तो विचारावा, आणि ‘नाही म्हणालात तरी वर्ग चालूच राहील’ हे आधी स्पष्ट सांगावे.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती लपवून सल्ला देणे बरे नव्हे. तरुणपणी मी वीटभट्टीवरच्या एका मुलाला सहा महिने घरी ठेवले होते. तो शिकला, अंगाने भरला, सगळे कौतुक करीत. रोज जेवताना तो भाकरीचा एक तुकडा खिशात घालून ठेवी. बहिणीसाठी, हे मला फार उशिरा कळले. हंगाम संपताना त्याला परत सोडायला गेले तेव्हा त्याच्या आईने मला इतकेच विचारले की, त्याचे काही चुकले का. तिच्या लेखी मूल परत येणे म्हणजे कामावरून काढून टाकणे होते. एवढ्या सहा महिन्यांत मी तिला एकदाही शाळेबद्दल नीट समजावून सांगितले नव्हते.

आता कायद्याची बाजू. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये दुसऱ्या कुटुंबात मूल सांभाळण्याची, म्हणजे प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. पण ती बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्यामार्फत चालते आणि ज्या मुलांना काळजी व संरक्षणाची गरज आहे अशांसाठी आहे. या मुलीला आई, वडील, आजी आणि भाऊ आहेत. ती गरीब आहे, निराधार नाही. गरिबी हे मूल आईवडिलांपासून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे तुमच्यासारख्या भल्या माणसांना सांगावे लागते, याचे कारण भल्या माणसांच्याच हातून हे सर्वांत सहज घडते. शिवाय तोंडी होकारावर ११ वर्षांची मुलगी तुमच्या घरी राहिली आणि उद्या ती आजारी पडली, पडून हात मोडला किंवा तिला कुणी त्रास दिला, तर ३०० किलोमीटरवरच्या आईवडिलांच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा? आणि पाहुणे आल्यावर तिने चहाचे कप उचलायला सुरुवात केली की ती घरातली मुलगी की कामाची मुलगी, हा प्रश्न शेजारी विचारण्याआधी तिच्याच मनात येईल. तुम्ही तिला काम सांगणार नाही, हे मान्य. पण उपकाराखालचे मूल सांगितल्याशिवायही काम करते.

तुमच्या वडिलांच्या बोर्डिंगाचा दाखला मला जवळचा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केले, आणि मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले, हे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते. पण त्या बोर्डिंगात मूल एकटे नव्हते, हे आपण सांगायला विसरतो. निरनिराळ्या जातींची, सारख्याच परिस्थितीतून आलेली मुले एका पंगतीला जेवत, आपली कामे आपण करीत. तेथे कुणी कुणाच्या घरचा आश्रित नव्हता. तुमच्या वडिलांना तेथे जे मिळाले ते या मुलीला द्यायचे असेल, तर तुमच्या माडीवरच्या खोलीपेक्षा तिच्याच जिल्ह्यातल्या, तिच्यासारख्या चाळीस मुलींच्या वसतिगृहाकडे पाहावे लागेल. त्याविषयी पुढे लिहिते.

आता तो भाऊ. तुमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा कोप्यांपासून एक किलोमीटरही दूर नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मग दिवाळीपासून मार्चपर्यंत ती मुलगी दिवसा तेथे का जात नाही? ‘आईवडिलांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असा तुमचा अंदाज आहे. मला वाटते, महत्त्व असून नसून सारखेच आहे, कारण आईवडील फडात गेल्यावर तीन वर्षांच्या मुलाला ऊसगाड्यांच्या रस्त्यावर एकटे सोडता येत नाही. कोपीत तिच्याखेरीज कोणी नाही. पाणी, चूल, भाऊ, बैल असतील तर त्यांना वाढे (उसाचे हिरवे शेंडे) घालणे, हे सगळे तिच्या अंगावर आहे. ती संध्याकाळी तुमच्या वर्गाला येऊ शकते, कारण तोवर आई परतलेली असते. थोडक्यात, तिचे दिवसाचे शिक्षण भावाच्या सांभाळात अडकले आहे, आणि ही गाठ सोडवणे तिला घरी ठेवून घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आणि सोपे आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत पूर्वशिक्षण आणि सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतच्या सर्वांना पूरक पोषण आहार मिळतो, आणि स्थलांतरित कुटुंबांची मुले त्यातून वगळलेली नाहीत. अंगणवाडी सेविकेला भेटून कोप्यांवरच्या लहान मुलांची नावे, वये आणि आईचे नाव अशी यादी द्या. बँकेत आयुष्य गेल्याने याद्या तुमच्याइतक्या नीट कोणी करणार नाही. अडचण पुढे येते: अंगणवाडी दुपारी सुटते आणि शाळा संध्याकाळी. मधले तीन-चार तास हे लहान भाऊ कुठे जाणार? हे तास तुम्ही घ्यावेत, असे मी सुचवते. संध्याकाळचा वर्ग आठवड्यातून दोन दिवसांवर आणा आणि दुपारचे पाळणाघर सुरू करा. समाजमंदिराची ओसरी, दोन सतरंज्या, पिण्याचे पाणी, गावातली किंवा टोळीतलीच एखादी वयस्क बाई मानधनावर, आणि देखरेखीला तुम्ही. फळ्यासमोर उभे राहून शिकवण्याइतके हे प्रतिष्ठेचे काम वाटत नाही आणि त्याचे फोटोही चांगले येत नाहीत. पण एक पाळणाघर चालले तर तुमच्या पंचवीस मुलांपैकी निम्म्या मोठ्या मुली दिवसा शाळेत बसू शकतील.

शाळेच्या बाजूने तुम्हाला दोन वाक्ये ऐकावी लागतील: ‘ही हंगामापुरती मुले आहेत’ आणि ‘त्यांचे दाखले नाहीत’. दोन्हींना कायद्यात उत्तर आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. मात्र मुख्याध्यापकांसमोर कायद्याची कलमे वाचत उभ्या राहू नका. दोन शिक्षकांवर पाच वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला, मध्येच आलेल्या आणि मध्येच जाणाऱ्या बारा मुलांचे काय करायचे हा खरा प्रश्न असतो. ‘यांची वाचनाची पातळी मी तपासून आणली आहे आणि रोज पाऊण तास मी शाळेत येऊन यांना बसवीन’ असे म्हणून जा. तरीही दार उघडले नाही, तर केंद्रप्रमुख आणि त्यानंतर गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्षण हमी पत्रक नावाची सोय महाराष्ट्रात याच मुलांसाठी आहे. मूल गावाकडून निघताना मूळ शाळेने ते द्यायचे, जेथे पोहोचेल तेथील शाळेने त्यावर बसवून घ्यायचे आणि परत जाताना प्रगतीची नोंद करून द्यायचे, असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात बहुतेक मुले पत्रकाशिवायच गाडीत बसतात, कारण टोळी कधी निघणार हे शाळेला सांगायला कुणी जात नाही.

मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यातही बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या डोअर स्टेप स्कूलने वस्तीवर वर्ग घेतले, फिरत्या बसमध्ये शाळा भरवली, पण त्याबरोबरच मुलांना जवळच्या महापालिका शाळेत दाखल करून रोज तेथे पोहोचवण्याचे कामही केले. वस्तीवरचा वर्ग कितीही चांगला असला तरी त्यातून गुणपत्रक मिळत नाही, दुपारचा शिजवलेला आहार मिळत नाही, आणि सरकारी नोंदीत ते मूल दिसत नाही. दिसले नाही, तर त्याच्या नावाने शिक्षकही मागता येत नाही.

‘मुले सगळे विसरून येतात’ या तुमच्या तक्रारीचीही जरा चौकशी करायला हवी. तीन हंगामांत तीच मुले परत आली आहेत का? टोळ्या बदलतात, मुकादम बदलतात, यंदा तुमच्याकडे आलेले कुटुंब पुढच्या वर्षी कर्नाटकात गेलेले असते. ज्यांना तुम्ही विसरलेली समजता त्यांतली काही मुले तुमच्या हाताखाली कधी आलेलीच नसतील. आणि जी खरोखर परत आली, त्यांना काय येते हे तुम्ही हंगामाच्या सुरुवातीला मोजले होते का? अक्षरे, शब्द, चार ओळींचा उतारा, एक छोटी गोष्ट. एवढ्यावर प्रत्येक मुलाला पाच मिनिटे बसवून तपासता येते. ‘प्रथम’सारख्या संस्थांनी वाचनाच्या पातळीनुसार गट करण्याची जी पद्धत रुजवली तिचा अर्थ साधा आहे: पाचवीतल्या ज्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत त्याच्यापुढे पाचवीचे पुस्तक उघडू नये. इयत्तेप्रमाणे बसवलेल्या वर्गात मुले विसरतात असे वाटते; पुष्कळदा ती तेथवर पोहोचलेलीच नसतात.

तुमच्या त्या गणितातल्या हुशार मुलीसाठी एक सुचवते. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती वर्गात आणा. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्याचे वजन, त्यातून निव्वळ ऊस, त्याला टनाचा दर, त्यातून मुकादमाचे कमिशन आणि उचलीतून वळते केलेले पैसे, असे सगळे गणित तिच्या वडिलांच्या खिशात रोज येते आणि ते वाचणारे घरात कुणी नसते. हा हिशेब वहीत मांडायला ती शिकली तर वडील पुढच्या वर्षी तिच्या शाळेविषयी गप्प बसणार नाहीत, अशी मला आशा आहे. फक्त ती वही मुकादमाच्या डोळ्यांवर येईल असे काही करू नका. हिशेब घरातच राहू द्या.

उचल फेडण्याचा विचार सोडून द्यावा. ९०,००० रुपये तुमच्याकडे आहेत आणि देण्याची दानतही आहे, पण ते पैसे मुकादमाच्या खात्यात जातील, आणि पावसाळ्यात खत, औषधपाणी, एखादे लग्न यांसाठी नवी उचल घ्यावीच लागेल, कारण ऑक्टोबरपर्यंत जगण्याचे दुसरे साधन नाही. मधल्या काळात ते कुटुंब मुकादमाऐवजी तुमचे देणेकरी होईल, आणि मुलगी तुमच्या घरात असेल. हे चित्र तुम्हाला स्वतःलाच आवडणार नाही. त्या रकमेच्या लहानशा भागात पाळणाघराचे एका हंगामाचे मानधन भागेल.

आता मार्चनंतरचे. ती पाचवीत आहे, हे महत्त्वाचे आहे. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात जमले नाही तर पुनर्परीक्षा, आणि तरीही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या मुलीचे सबंध दुसरे सत्र बुडालेले असते, तेव्हा हे ओझे तिच्यावर इतरांपेक्षा जास्त आहे. उरलेल्या सहा आठवड्यांत तिची ही तयारी करून घ्या. पण त्याआधी तिच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन करा. ‘गावी गेली की तिचे शिक्षण संपेल’ हे तुम्ही गृहीत धरले आहे. कदाचित तिचे नाव पटावर असेल, वर्गशिक्षक तिला ओळखत असतील आणि ती कुठे आहे याचा पत्ता तेच शोधत असतील. त्यांच्याशी बोलताना परीक्षेची तारीख, पुनर्परीक्षेची सोय आणि तुम्ही भरून पाठवणार असलेले पत्रक, एवढे ठरवून घ्या.

पुढच्या दिवाळीला ती पुन्हा कोपीत येऊ नये, यासाठी गावाकडे मार्ग आहेत आणि त्यांची निवड आईवडिलांनी, आजीने आणि तिने करायची आहे. पहिला हंगामी वसतिगृहाचा: शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, स्थलांतराच्या सहा महिन्यांसाठी, मूल गावातच राहते आणि जेवणाची सोय होते. याची यादी टोळी निघण्याआधी होते, म्हणून सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना आठवण द्यावी लागते. आजी धडधाकट असेल तर सहावीतल्या मुलीसाठी मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो, कारण त्यात घर सुटत नाही. दुसरा निवासी: संत भगवानबाबा यांच्या नावाने २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेखाली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र शासकीय वसतिगृहे आहेत, ज्यांची चौकशी बीडच्या समाज कल्याण कार्यालयात करता येईल आणि ज्यासाठी आईवडिलांचे ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागेल, ते ग्रामपंचायतीतून मिळते. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळा आहेत, काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत, आणि शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी येथील, २००० साली सुरू झालेल्या शांतिवनासारखे प्रकल्प आहेत. कोणत्याही निवासी जागेत तिला पाठवण्याआधी आई किंवा आजीने ती जागा डोळ्यांनी पाहिली पाहिजे: रात्री मुलींजवळ कोण असते, न्हाणीघराला आतून कडी आहे का, आठवड्यातून किती वेळा फोन करू देतात. या भेटीचा प्रवासखर्च तुम्ही द्या. तुमच्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण तुमच्या काळजीच्या मुळाशी ती असावी. उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे जोडपे. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की तिचे लग्न लावून नवा कोयता उभा करण्याचा मोह, आणि तिला गावी एकटी ठेवण्याची भीती, ही दोन्ही एकाच वेळी घरात शिरतात. शिक्षण हक्क कायद्याचे छत्रही चौदाव्या वर्षीच संपते. म्हणून तुमची खरी गरज या मार्चला नसून आणखी तीन-चार वर्षांनी आहे. तोवर फोन, भेटी आणि विश्वास टिकला असेल, तर ‘दहावी तरी होऊ द्या’ हे तुमचे वाक्य त्या घरात ऐकले जाईल. अठराच्या आत लग्न ठरल्याचे कळलेच तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर कळवता येते, आणि खेडेगावात बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकावर असते.

तुमच्यासारखे वर्ग चालवणाऱ्या इतर वाचकांसाठी, आणि तुमच्यासाठीही, दोन गोष्टी थोडक्यात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर या मुलीचे फोटो आणि तिची कहाणी टाकून तुम्ही वह्या जमवल्या, असे तुम्ही मोठ्या समाधानाने लिहिले आहे. वह्या मिळाल्या, पण तो फोटो आता कुठे कुठे फिरतो आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि पंधरा वर्षांनी ती मुलगी तलाठी किंवा शिक्षिका झाली तर फाटक्या झग्यातला तो फोटो तिला आवडेल का, हे विचारायला आपण तेथे असणार नाही. यापुढे वह्यांचे फोटो टाका. दुसरे असे की, वर्गाला मदत करायला कॉलेजचे विद्यार्थी येतात, त्यांच्यापैकी कुणीही एका मुलाबरोबर एकटे बसणार नाही असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. एखाद्या मुलाने नको त्या स्पर्शाची गोष्ट सांगितली तर तिची शहानिशा आपण करत बसायची नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

यजमानांच्या ‘लष्कराच्या भाकऱ्यां’वर मी काही बोलणार नाही. दुपारच्या पाळणाघरात त्यांना तास-दोन तास बसवून पाहा. तीन वर्षांची मुले निवृत्त माणसांचा फार लवकर ताबा घेतात.

पट्टा पडला की हिशेब होतो आणि गाड्या बहुधा रात्रीच निघतात, तेव्हा निरोपाला वेळ मिळेल असे समजू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच भरलेले पत्रक, त्याची एक छायाप्रत, आजीच्या शेजारच्या घरचा आणि शाळेचा फोन नंबर लिहिलेला कागद आणि तिची हिशेबाची वही एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या आईच्या हातात द्या. आणि पहिला फोन आजीकडे कोणत्या दिवशी, किती वाजता करणार, ते त्या मुलीला विचारून ठरवा.